लिम्फच्या तुटलेल्या वाहिन्या पुन्हा वाढवता येतील का?

मृद्गंध

नमस्कार मंडळी. आईच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आता बराच काळ लोटला. काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या, नंतर रेडिएशन झालं. कॅन्सर आटोक्यात आहे. पण उजवा हात सुजतो. सकाळी जरा बरा असतो, संध्याकाळच्या पोळ्या लाटून होईपर्यंत पाटली मनगटात रुतलेली असते. कोपराखाली बोटाने दाबलं की पडलेला खड्डा लवकर भरून येत नाही. हात आवळून धरणारी स्लीव्ह, मसाज, व्यायाम सगळं नेमाने चालू आहे. डॉक्टर म्हणाले, लिम्फचा, म्हणजे पेशींमध्ये साचलेलं पाणी वाहून नेणारा, मार्ग तुटलाय, आता हे आयुष्यभर सांभाळायचं.

भाजलेल्या माणसांसाठी कातडी वाढवतात. मूत्राशय प्रयोगशाळेत वाढवून रुग्णांना बसवल्याचं २००६ साली प्रसिद्ध झालं होतं. मग लिम्फच्या नळ्यांनीच काय घोडं मारलंय? टिश्यू इंजिनिअरिंग, म्हणजे असे अवयव पेशींपासून वाढवण्याचं तंत्र, यात नक्की कुठवर आलंय, माणसांवर काही झालंय का, आणि आईला तिच्या हयातीत त्याचा उपयोग होईल का, हे जाणून घ्यायचंय. धीर द्यायला घरची माणसं आहेत. इथे मला माहिती हवी आहे, निराश करणारी असली तरी चालेल.

रानमेवा

वाचतेय. मावशीला हाच त्रास आहे.

जलवाहिनी

मी पाणीपुरवठ्याच्या कामातला माणूस. लाइन फुटली की आम्ही बायपास टाकतो. हातातून काखेपलीकडे सिलिकॉनची बारीक नळी टाकली तर? जिवंत पेशी वाढवण्याचा खटाटोप कशासाठी? मनापासून विचारतोय.

पेशीवेडी

जलवाहिनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता देता मृद्गंधच्याही अर्ध्या प्रश्नाचं उत्तर होईल. मी रक्तवाहिन्यांच्या पेशींवर काम करते, लिम्फवाले आमचे शेजारी.

पहिली गोष्ट म्हणजे लिम्फचं हे रक्ताभिसरणासारखं गोल फिरणारं चक्र नाही, एकेरी वाट आहे. केशवाहिन्यांतून जे पाणी आणि प्रथिनं बाहेर पडून पेशींच्या मधल्या जागेत साचतात, ती उचलून छातीतल्या मोठ्या नलिकेतून मानेच्या बुडाशी शिरेत नेऊन सोडायची. दिवसाला साधारण २ ते ४ लिटर. आणि या वाटेला मागून ढकलणारं हृदय नाही.

सुरुवातीच्या नळ्या एका टोकाला बंद असतात. भिंत पेशींच्या एकाच थराची. शेजारच्या पेशींच्या कडा एकमेकींवर चढलेल्या असतात आणि अधूनमधूनच टाचलेल्या असतात. भोवतीच्या ऊतीत पाणी वाढलं की बाहेरून बांधलेले सूक्ष्म धागे त्या कडा ओढून उघडतात, पाणी आत येतं, आतला दाब वाढला की कडा मिटतात. सिलिकॉनच्या नळीला हे जमणार नाही. तिच्या तोंडाशी पाणी आपणहून आलं तरच ती वाहणार, आणि तो दाब फारच कमी असतो.

पुढच्या नळ्या वेगळ्या. त्यांना ठरावीक अंतरावर झडपा असतात आणि दोन झडपांमधला तुकडा स्वतःच्या स्नायूने आकुंचन पावतो. मिनिटाला काही वेळा, एकापाठोपाठ एक. म्हणजे तुमच्या भाषेत नुसती लाइन नव्हे, दर थोड्या अंतरावर पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असलेली लाइन.

जलवाहिनी

आता समजलं. मग बायपासचा प्रश्न नाही, अख्खी योजनाच नव्याने करायची.

जुना_बाजार

नळी घालायची कल्पना मात्र शंभर वर्षांहून जुनी आहे. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलचे सर्जन सॅम्पसन हँडली यांनी १९०८ साली याच रुग्णांसाठी, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरनंतर हात सुजलेल्या बायकांसाठी, कातडीखालून रेशमी दोरे ओवले होते. दोऱ्याच्या कडेकडेने पाणी खांद्याकडे झिरपेल असा विचार. सुरुवातीला सूज उतरायची, पण पुढे जंतुसंसर्ग आणि व्रणाच्या ऊतीमुळे ती पद्धत मागे पडली.

थोडं अवांतर. या नळ्या पहिल्यांदा नीट पाहिल्या त्या गास्पारे असेली यांनी, १६२२ साली, नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या पोटात. चरबीमुळे आतल्या पांढऱ्या रेषा उठून दिसल्या. उपाशी कुत्र्यात त्या दिसल्याच नसत्या. ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२७मध्ये छापलं गेलं. हार्वेंचं रक्ताभिसरणावरचं पुस्तक त्याच्या पुढच्या वर्षीचं. दोन्ही शोध पाठोपाठचे, पण एकावर चारशे वर्षं काम झालं आणि दुसरा मागच्या बाकावर बसून राहिला. मला याचं फार वाईट वाटतं.

टाकाटिपण

जुना_बाजार, छान माहिती. मी प्लास्टिक सर्जरीत आहे, त्यात भर घालतो. सिलिकॉनच्या नळ्यांचा प्रयोगही झालेला आहे, वॉर्सामध्ये ओल्शेव्स्की यांनी सुजलेल्या पायांत कातडीखाली त्या घातल्या. काही रुग्णांना फायदा झाला. म्हणजे जलवाहिनींचा विचार अगदीच वावगा नव्हता, पण नळी ही परकी वस्तू, आणि या रुग्णांच्या कातडीला जंतुसंसर्गाची धास्ती कायमच.

रेशमी दोऱ्याचा आजचा वारसदार म्हणजे बायोब्रिज. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या परिसरात तयार झालेला कोलॅजन या प्रथिनाचा बारीक धागा. त्यातले अतिसूक्ष्म तंतू सगळे एकाच दिशेने लावलेले असतात. पेशींना अशा तंतूंच्या कडेने सरकायला आवडतं. चांगल्या भागातून सुजलेल्या भागापर्यंत हा धागा पुरायचा, म्हणजे नव्या लिम्फवाहिन्या त्याच्या आधाराने वाढत जातील आणि धागा पुढे शरीरात जिरून जाईल. डुकरांवरचा अभ्यास २०१६मध्ये आला, त्यात नव्या वाहिन्या वाढलेल्या दिसल्या. माणसांतही शस्त्रक्रियेच्या जोडीने वापरलाय, पण रुग्ण थोडे आहेत. मृद्गंध, ‘माणसांवर काही झालंय का’ याचं सर्वांत सरळ उत्तर हे.

मृद्गंध

टाकाटिपण, पेशीवेडी, दोघांचे आभार. मग नवी नळी बाहेर वाढवून आत बसवणं जास्त कठीण, की आतच वाढायला लावणं?

पेशीवेडी

बाहेर बारीक केशवाहिन्या वाढवणं जमलंय. झ्युरिकच्या गटाने २०१४ साली माणसाच्या पेशींपासून अशी कातडी तयार केली, जिच्यात रक्ताच्याही केशवाहिन्या होत्या आणि लिम्फच्याही. ती उंदरांच्या जातीतल्या मोठ्या प्राण्यांवर, रॅटवर, बसवली. माणसाच्या पेशींच्या लिम्फवाहिन्या त्या प्राण्याच्या वाहिन्यांशी जाऊन जुळल्या आणि त्यांतून द्रव वाहूनही गेला. तो पेपर वाचला तेव्हा मी दिवसभर ज्याला त्याला तेच सांगत होते.

यामागचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. मेलडी स्वार्ट्झ या संशोधिकेने उंदराच्या शेपटीतला लिम्फचा मार्ग तोडून तिथे कोलॅजन भरलं, तेव्हा दिसलं की आधी पाण्याने आपली वाट काढली आणि नंतर त्या वाटेने पेशी येऊन नळी झाली. म्हणून आता जेलमध्ये पेशी नुसत्या ठेवत नाहीत, त्यातून द्रव अगदी संथ वाहता ठेवतात. पेशी ठेवल्या आणि प्रवाह दिला नाही, तर जाळं विस्कटलेलं राहतं.

अडतंय ते पुढच्या टप्प्यावर. झडपा असलेली, आपणहून आकुंचन पावणारी, माणसात शिवता येईल अशी नळी अजून झालेली नाही. झडप तयार व्हायला पेशींना मागेपुढे हेलकावणारा प्रवाह जाणवावा लागतो, आणि फॉक्स-सी-२ नावाचं जनुक चालू असावं लागतं. शिवाय लिम्फची पेशी लिम्फची राहावी म्हणून प्रॉक्स-१ हे जनुक जन्मभर चालू लागतं. ते बंद केलं तर ती रक्तवाहिनीच्या पेशीसारखी वागू लागते. डिशमध्ये वाढवताना ही ओळख टिकवणं हेच एक मोठं काम आहे.

बकुळी

अवांतर होतंय, पण फॉक्स-सी-२ वाचून राहवलं नाही. आमच्या ओळखीत एका मुलीचे पाय वयात येताना सुजू लागले. एका डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की तिच्या पापण्यांना केसांची दुसरी ओळ आहे आणि ती बुबुळाला टोचते. त्यांनीच पायांची चौकशी केली. दोन्हींचं मूळ त्याच जनुकात निघालं. पापणी बघून पायाचं निदान, आम्ही सगळे थक्क झालो होतो.

पेशीवेडी

बकुळी, अगदी नेमकं उदाहरण. त्या मुलीत नळ्या असतात, पण झडपा नीट होत नाहीत, त्यामुळे लिम्फ उलटं खाली येतं. नळी आहे, झडप नाही, की पाय सुजतो. म्हणूनच ‘आम्ही लिम्फवाहिनी बनवली’ अशी बातमी आली की मी आधी झडपा शोधते.

वैनगंगा

मी भंडारा जिल्ह्यात आरोग्य खात्यात काम करते. इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे कॅन्सरनंतरच्या हाताबद्दल बोलताय, ते खरंच आहे. पण आमच्याकडं लिम्फचा आजार म्हणजे हत्तीपाय. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, आमचा भंडारा, हा सगळा त्याचा पट्टा. क्युलेक्स डास चावतो, जंत लिम्फच्या नळीत जाऊन वर्षानुवर्षं राहतात. त्यांची पिल्लं रात्रीच रक्तात येतात, म्हणून आम्ही रात्री उशिरा बॅटरी घेऊन घरोघरी बोटाला सुई टोचत फिरतो. झोपेतून उठवलं म्हणून लोक ओरडतात, त्यांचं काही चुकत नाही. गोळ्यांची मोहीम दरवर्षी असते. तीन औषधांची मोहीम देशात सुरू झाली तेव्हा पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत नागपूर होतं.

गोळ्यांनी नवा रोग थांबतो. आधीच सुजलेला पाय मात्र तसाच राहतो. माझ्या भागात एक बाई आहेत, पाय दिसू नये म्हणून लुगडं टाचेपर्यंत सोडतात, लग्नाकार्याला जात नाहीत. पाय धुवायला बसवलं तर बोटांच्या बेचक्यांत बोट शिरत नाही. चिंधी वळून बारीक करायची, ती एका बाजूनं घालून दुसरीकडून ओढायची, तेव्हा कुठं आतली ओल निघते. ते धागे आणि पेशी या बाईंसाठी कधी येणार? का हे संशोधन फक्त शहरातल्या मोठ्या दवाखान्यांपुरतंच?

रानमेवा

वैनगंगाताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

टाकाटिपण

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सोपं नाही. काखेतल्या गाठी काढल्या तेव्हा मार्ग एका ठिकाणी तुटला. खालच्या नळ्या निदान सुरुवातीला तरी धड असतात, म्हणून पूल बांधण्याला अर्थ आहे. हत्तीपायात जंतांमुळे नळ्या जागोजाग फुगतात, झडपा मिटेनाशा होतात, वरून जंतुसंसर्गाचे झटके उरलेल्या नळ्यांचं नुकसान करतात. तिथे एक पूल पुरणार नाही. तिथे पेशीवेडी म्हणतात ती झडपांची नळीच लागेल, आणि तीही बरीच.

वैनगंगा

म्हणजे ज्यांना जास्त गरज, त्यांची पाळी शेवटी.

पेशीवेडी

ताई, यावर मी वाद घालणार नाही. पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. सूज जुनी झाली की तिथे नुसतं पाणी राहत नाही. दाहाच्या पेशी जमतात, तंतू वाढतात, चरबी साठते, पाय दाबला तर खड्डाही पडेनासा होतो. न्यूयॉर्कचे मेहरारा आणि त्यांच्या गटाने दाखवलंय की यात सीडी-४ प्रकारच्या टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, मोठा हात आहे आणि त्या दाहामुळे नव्या वाहिन्या वाढणंच रोखलं जातं. अशा जागी उद्या उत्तम नळी बसवली तरी ती जगणार नाही. तुम्ही चिंधी ओढून जी ओल काढता, त्यामुळे जंतुसंसर्गाचे झटके कमी होतात आणि उरलेल्या नळ्या वाचतात. पुढे कुठलाही उपचार आला तरी तो याच वाचलेल्या नळ्यांना जोडावा लागणार आहे.

दवबिंदू

एक शंका. या सगळ्याला वाढ देणारं एखादं औषध टोचलं तर? व्हीईजीएफ-सी असं काहीतरी वाचलं होतं.

टाकाटिपण

हो. लिम्फवाहिन्यांना वाढायला सांगणारं ते प्रथिन. १९९६मध्ये हेलसिंकीत आलितालो यांच्या गटाने ते शोधलं. फिनलंडमध्येच त्याचं जनुक एका विषाणूत घालून औषध तयार केलं, लिम्फॅक्टिन. पोटातल्या किंवा जांघेतल्या लिम्फच्या गाठी रक्तवाहिनीसकट काढून काखेत लावतात, त्याच शस्त्रक्रियेत हे त्या गाठीभोवती टोचायचं. फिनलंड आणि स्वीडनमधल्या ३९ रुग्णांवर दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. २०२१मध्ये निकाल आला, नुसत्या शस्त्रक्रियेपेक्षा औषधाने ठोस जास्त फायदा दिसला नाही आणि कंपनीने ते काम थांबवलं.

मृद्गंध

हे वाचून जरा धडकीच भरली. नळ्यांना वाढ देणारं औषध कॅन्सर झालेल्या बाईला द्यायचं? कॅन्सर याच वाटेने पसरतो ना?

पेशीवेडी

तुमची भीती अगदी योग्य जागी आहे. २००१मध्ये उंदरांवरचे अभ्यास पाठोपाठ आले, त्यांत कॅन्सरच्या गाठीत व्हीईजीएफ-सी किंवा त्याचं भावंड व्हीईजीएफ-डी जास्त असेल तर कॅन्सर लिम्फच्या गाठींत जास्त पसरताना दिसला. म्हणून चाचण्यांमध्ये आजार आटोक्यात असलेलेच रुग्ण घेतात, औषधही थोडे दिवस टिकेल असंच ठेवतात. मला स्वतःला धाग्याचा मार्ग जास्त पटतो तो यासाठीच. तो वाढीचा सिग्नल शरीरभर पाठवत नाही, पेशींना फक्त दिशा दाखवतो.

हरिहरेश्वर

इतकी चर्चा झाली, आयुर्वेदाचं नाव कुणी काढलं नाही. जळवा लावून सूज उतरते असं आमच्याकडे मानतात.

हातमोजे

मी लिम्फिडिमाचीच, म्हणजे लिम्फ साचून येणाऱ्या सुजेची, फिजिओ आहे. हरिहरेश्वरकाका, जळवांना माझा स्पष्ट विरोध. सुजलेल्या हातापायाला जखम म्हणजे जंतुसंसर्गाला दार उघडं. एका सेल्युलायटिसमध्ये, म्हणजे कातडीच्या जंतुसंसर्गाच्या झटक्यात, महिनोन्महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. पण आयुर्वेदाचा संबंधच नाही असंही नाही. केरळात कासरगोडला इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजी आहे. तिथे हत्तीपायाच्या रुग्णांना त्वचेची निगा, आयुर्वेदिक औषधी पाणी, योगासनं, श्वसन आणि कंप्रेशन पट्ट्या असं एकत्र देतात. घरी करता येईल अशीच पद्धत आहे, तिच्यावर शोधनिबंधही आहेत. वैनगंगाताई, तुमच्या वरिष्ठांनी एकदा ते जाऊन बघावं.

मृद्गंध, आईंना कुणी ‘उजव्या हाताने काही उचलू नका’ सांगितलंय का? सांगितलं असेल तर फेरविचार करा. २००९मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात हात सुजलेल्या बायकांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला दिली. सूज वाढली नाही, उलट त्रास वाढण्याचे प्रसंग कमी झाले. आकुंचन पावणारा स्नायूच तर लिम्फला वर ढकलतो. स्लीव्ह घालून, माहितगार फिजिओच्या देखरेखीखाली, अगदी हलक्यापासून सुरुवात.

हरिहरेश्वर

पटलं. जळवांचं मी पुन्हा सुचवणार नाही कुणाला.

मृद्गंध

हातमोजे, नेमकं हेच सांगितलं होतं आणि आई पाण्याची कळशीसुद्धा डाव्या हाताने उचलते. आजच बोलते तिच्याशी.

केटोप्रोफेनबद्दलही कुठेतरी वाचलं होतं. साधी वेदनाशामक गोळी, खरंच उपयोग होतो का?

टाकाटिपण

स्टॅनफर्डचे रॉकसन यांचा २०१८चा अभ्यास. कातडीचा जाडपणा आणि सूक्ष्मदर्शकाखालची स्थिती सुधारली. पण त्या गोळ्यांनी पोटात अल्सर होऊ शकतो, हृदय आणि मूत्रपिंडावर ताण येतो. आईंच्या वयात डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

जलवाहिनी

मृद्गंधताईंचा मूळ प्रश्न राहिलाच, त्यांच्या आईला उपयोग होईल का? कुणीतरी थेट सांगा.

पेशीवेडी

थेट सांगते. प्रयोगशाळेत वाढवलेली झडपांची नळी येत्या काही वर्षांत दवाखान्यात येईल असं मला वाटत नाही. कोलॅजनच्या धाग्यासारख्या गोष्टी शस्त्रक्रियेच्या जोडीने येण्याची शक्यता खूपच जास्त आहे. आणि हा विषय रेंगाळत नाही, सशक्त होतोय. २०१५मध्ये मेंदूच्या आवरणातल्या लिम्फवाहिन्यांवर दोन गटांचं काम आलं आणि तेव्हापासून या क्षेत्राकडे बघण्याची सगळ्यांची नजरच बदलली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर उंदराच्या हृदयात लिम्फवाहिन्या वाढवल्या तर हृदय चांगलं सावरतं, हेही त्याच वर्षी दिसलं. पूर्वी या कामाला माणसं मिळत नव्हती, आता मिळतात.

टाकाटिपण

आणि आज काय करता येईल ते मी सांगतो. आयसीजी लिम्फोग्राफी करून घ्या. बोटांच्या बेचक्यांत हिरवा रंग टोचतात आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यात तो वर सरकताना दिसतो. चालू असलेली वाहिनी सरळ रेघेसारखी दिसते, बिघडलेल्या भागात रंग कातडीत पसरतो. सरळ रेघा शिल्लक असतील, तर एक मिलिमीटरहून बारीक लिम्फवाहिनी शेजारच्या शिरेला शिवून देता येते. जपानचे कोशिमा यांनी ही सुपरमायक्रोसर्जरी रुळवली. आपल्याकडे मोठ्या शहरांत करणारे सर्जन आहेत. हात अजून मऊ आहे, खड्डा पडतोय, म्हणजे उशीर झालेला नाही असं मानायला जागा आहे. कडक व्हायची वाट बघू नका.

ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांच्यासाठीही एक. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर साधारण पाचातल्या एकीचा हात सुजतो, फक्त पहिली पहारेकरी गाठ, म्हणजे स्तनातलं लिम्फ आधी जिथे पोचतं ती, तपासून थांबता आलं तर हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास येतं. आपल्या बाबतीत ते शक्य आहे का, हे ऑपरेशनच्या आधीच विचारा.

रानमेवा

मावशीचं ऑपरेशन दुसऱ्या बाजूचं व्हायचंय. हा शेवटचा परिच्छेद तिला जसाच्या तसा पाठवलाय.

मृद्गंध

आयसीजीसाठी उद्याच फोन करते. जाताना जुने रिपोर्ट सोडून आणखी काय न्यायचं?

हातमोजे

दोन्ही हातांची मापं. मनगटापासून वर दर चार सेंटिमीटरवर पेनाने खूण करायची आणि प्रत्येक खुणेवर टेपने घेर मोजायचा. रोज एकाच वेळी, स्लीव्ह काढल्यावर लगेच. आदल्या दोन आठवड्यांची वही नेलीत तर सर्जनला हाताची चाल कळेल. सेल्युलायटिस कधी कधी झाला आणि कुठलं अँटिबायोटिक दिलं तेही त्यातच लिहा.

वैनगंगा

हातमोजेताई, हे माप पायासाठी कुठून सुरू करायचं? घोट्यापासून का? आशाताईंना शिकवते.

हातमोजे

हो ताई, घोट्याच्या हाडापासून वर. पावलाचं माप वेगळं घ्या, बोटांच्या मुळाशी आणि पावलाच्या मधोमध. कागदावर आकृती काढून देते, व्यक्तिगत निरोपात पाठवते.